शिवसागराचे उत्तर टोक

पावसाळ्यात आपल्या भागातील कोणतेही वर्तमानपत्र उघडले की पहिल्या पानाच्या एका कोपऱ्यात एक लहानशी चौकट हमखास आढळते. कोयना, वारणा, राधानगरी, काळम्मावाडी, हिडकल, अलमट्टी अशी धरणांची नावे, त्यांच्यापुढे पाणीसाठ्याचे आकडे आणि अखेरीस विसर्ग किती क्युसेक याची नोंद. कल्लोळ, येडूर, मांजरी, अंकली या कृष्णाकाठच्या गावांतून ही चौकट पंचांगाइतक्या निष्ठेने वाचली जाते. गुरे वरच्या माळावर केव्हा हलवायची, मोटारी व पाइप नदीतून केव्हा वर ओढून घ्यायचे, हे या आकड्यांवरून ठरते. त्या चौकटीत कोयनेचे नाव बहुधा सर्वांत वर असते. कोयनेतून पाणी किती आले हे आपण नेमके सांगू शकतो. ते कोणाच्या दारावरून आले याची विचारपूस करण्याचा प्रसंग मात्र आपल्यावर क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात ती विचारपूस करावयाची आहे.

कोयना धरणामागे जो जलाशय पसरला आहे त्यास शिवसागर असे नाव दिलेले आहे. त्याची लांबी पन्नास किलोमीटरांच्या घरात जाते. दक्षिण टोकास धरण, कोयनानगर, अभियंत्यांच्या वसाहती, उपाहारगृहे असा सारा बोलका संसार आहे. उत्तर टोकास तापोळा आणि बामणोली ही दोन गावे, आणि त्यांच्यासमोर पाण्यापलीकडे कांदाटी खोऱ्यातील विखुरलेल्या वाड्या. महाराष्ट्राच्या नकाशावर हा भाग पुण्यामुंबईपासून फारसा दूर दिसत नाही. परंतु अंतर किलोमीटरांनी मोजावयाचे की वाटेत लागणाऱ्या अडचणींनी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. निपाणीहून सकाळी निघालेला माणूस महामार्गाने दुपारच्या आत सातारा गाठतो आणि कासच्या पठारावरून बामणोलीस उतरतो. तेथून पुढचा, डोळ्यांना समोर दिसणारा काठ गाठण्यास त्याला लाँच केव्हा सुटते याची वाट पाहावी लागते.

प्रथम नदीची रीत समजून घेतली पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या आपल्या ओळखीच्या नद्या, म्हणजे वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, जन्मतःच पूर्वेकडे तोंड करतात. कोयनेचे तसे नाही. महाबळेश्वरी उगम पावल्यावर ती सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते. उजव्या हाताला सह्याद्रीची मुख्य धार व तिच्यापलीकडे कोकण, डाव्या हाताला बामणोलीची डोंगररांग, आणि मधल्या अरुंद दरीतून ही नदी. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेस वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. उत्तर भागात तिला सोळशी आणि कांदाटी या दोन उपनद्या तापोळ्याजवळ येऊन मिळतात. धरणापूर्वी हा त्रिवेणी संगम होता; आता तेथे तीन फाट्यांचे एक विस्तीर्ण पाणी आहे. खोऱ्यात वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बेळगावात पडतो त्याच्या जवळजवळ चौपट. दोन डोंगररांगांमधली अरुंद दरी, धो धो पाऊस, आणि पश्चिमेस काही अंतरावर एकदम खाली तुटलेला कोकणचा कडा. अभियंत्याला आणखी काय हवे! टाटांच्या तंत्रज्ञांची नजर या खोऱ्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच गेली होती. प्रत्यक्ष योजना मात्र स्वातंत्र्यानंतर आकारास आली.

इतिहासात हा मुलूख जावळी या नावाने प्रसिद्ध आहे. चंद्रराव मोऱ्यांची जावळी शिवाजी महाराजांनी १६५६ साली घेतली ती याच रानातली. येथे शिरणे सोपे, निघणे कठीण, अशी या प्रदेशाची ख्याती होती. जलाशयाच्या पश्चिम काठावरील वासोटा किल्ल्याचा उपयोग तर बंदी ठेवण्यासाठी होई, आणि १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्यांचे दोन कैदी अधिकारी तेथे सापडले. आज बामणोलीहून लाँचने जाऊन हौशी मंडळी वासोटा चढून येतात. पायथ्याचे मेट इंदवली गाव मात्र उठून गेलेले आहे. मोडक्या जोत्यांवरून वाट जाते.

धरण होण्यापूर्वीचे येथील जीवन समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. आपल्या खानापूर वा चंदगड तालुक्यातील पश्चिम पट्ट्यात तसेच जीवन आहे. नदीकाठच्या सपाट जमिनीत भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरी, रानात हिरडा. घरटी एक माणूस मुंबईस. जावळी, पाटण या तालुक्यांतील पुरुषांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठेत डोक्यावर ओझी वाहिली. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला ते अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्याचेच. गावातील अर्थव्यवहाराचे दोन खांब होते: एक नदीकाठचे खाचर आणि दुसरा मुंबईची मनिऑर्डर. धरणाने त्यांपैकी पहिला खांब काढून घेतला, एवढे एक वाक्य ध्यानी ठेवले तर पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

धरणाच्या कामास १९५४ साली आरंभ झाला. पहिली वीज १९६२ साली निर्माण झाली आणि १९६४ च्या सुमारास धरण पूर्ण झाले. उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून थोडी अधिक. मूळ साठा ९८.७८ टीएमसी होता; पुढे दरवाजांची उंची वाढवून तो १०५.२५ टीएमसी करण्यात आला. टीएमसी हा शब्द आपण नित्य वापरतो, पण त्याचा अंदाज अनेकांस नसतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरच्या हिशेबाने सुमारे २,८३१ कोटी लिटर. नदीतून ११,५७४ क्युसेक या वेगाने चोवीस तास पाणी सोडले तर एक टीएमसी पाणी खाली जाते. हे गणित ज्यास ठाऊक आहे त्याला वर्तमानपत्रातील चौकट अधिक बोलू लागते.

एवढ्या पाण्याखाली सुमारे शंभर गावांच्या जमिनी गेल्या किंवा बाधित झाल्या; नऊ हजारांवर कुटुंबांना त्याची झळ लागली. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. कोयनेची माणसे त्याच्या एक तप आधीच उठलेली होती. त्यांना लागू होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा, म्हणजे रोख मोबदला आणि वर नमस्कार. काहींना सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखविण्यात आल्या. पाच हजार मिलिमीटर पावसात भात लावणाऱ्या माणसास सोलापूरच्या काळ्या, कोरडवाहू रानात नेऊन उभे केले तर तो काय पेरील? भाषा तीच, सरकार तेच, परंतु जमिनीशी बोलण्याची त्याची सगळी रीत तेथे निरुपयोगी ठरते. कित्येक जण परत फिरले. कित्येक जण मुळात गेलेच नाहीत. पाणी जसजसे चढले तसतसे ते डोंगराच्या उतारावर वर सरकले आणि नव्या काठावर त्यांनी घरे बांधली.

आज शिवसागराच्या उत्तर टोकावर जी वस्ती दिसते ती या वर सरकलेल्या माणसांची. पर्यटक तापोळ्यास ‘छोटे काश्मीर’ म्हणतात. काठावरचे हिरवे डोंगर, निळे पाणी आणि त्यात उतरणारी लालमातीची वाट पाहून तसे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ही सरोवराकाठी वसलेली जुनी गावे नव्हेत. गावांच्या उंबऱ्याशी सरोवर येऊन बसलेले आहे. काश्मीरच्या दाल सरोवराकाठच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची विद्या संपादन केली. येथील माणसे शेतकरी होती. होडी हाकणे, जाळे टाकणे हे त्यांना पन्नाशीत शिकावे लागले.

या पाण्याने एक गोष्ट केली जिची नोंद कोणत्याही प्रकल्प अहवालात सापडत नाही. पूर्वी कोयना व कांदाटी या नद्या वर्षाचे आठ महिने पायी ओलांडता येत. सोयरिकी, बाजार, जत्रा दोन्ही काठांवर चालत. पाणी भरल्यावर दोन काठ एकमेकांपासून तुटले. पूर्व काठास महाबळेश्वर–तापोळा आणि सातारा–कास–बामणोली असे रस्ते मिळाले. पश्चिम काठ मात्र समोर जलाशय आणि पाठीशी कोकणचा कडा यांमध्ये कोंडला गेला. तालुका महाबळेश्वर वा जावळी, जिल्हा सातारा. पण कचेरी, दवाखाना, बाजार हे सारे पाण्यापलीकडे. पाठीमागच्या कड्यावरून चकदेवहून रत्नागिरी जिल्ह्यातील खेडकडे उतरणारी शिड्यांची वाट आहे. पुढे खेडच्या खोपीहून शिंदी गावाकडे रघुवीर घाट झाला. तोही पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडतो. येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चकदेव व पर्बत ही या कड्यावरील दोन शिवस्थाने असून तेथे जंगमांची वस्ती आहे, आणि पर्बतच्या देवाचे नाव मल्लिकार्जुन. श्रीशैलाचा देव आणि आपल्या बेळगावकडचे जंगम कोयनेच्या कड्यावर कसे जाऊन बसले, हा एखाद्या उत्साही माजी विद्यार्थ्याने अभ्यासावा असा विषय आहे.

दळणवळणाचा भार लाँचवर आला. सातारा जिल्हा परिषदेची लाँच सेवा येथे चालते, शिवाय स्थानिकांच्या होड्या आहेत, आणि गाडी पलीकडे न्यावयाची तर तराफा आहे. एस.टी. चुकली तर दुसरी मिळते. लाँच चुकली तर दिवस गेला. त्यातून डिझेल, दुरुस्ती, वारा आणि धुके यांच्यावर सारे अवलंबून. आजारी माणसास, विशेषतः बाळंतिणीस, पलीकडे नेताना काय होत असेल याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

शिवसागराची पातळी बारा महिने सारखी नसते, ही बाब बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. धरणाचे जलवर्ष १ जूनला सुरू होते. जून ते सप्टेंबर पाणी चढते, ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ असतो, आणि मग वीजनिर्मिती व सिंचन यांसाठी ते उपसले जाऊन मे अखेरीस पातळी तीस मीटरांपर्यंतही खाली येते. दक्षिणेस, धरणाजवळ, पाणी खोल असल्याने काठ फारसा हललेला दिसत नाही. उत्तर टोक उथळ. तेथे काठ शेकडो मीटर मागे जातो. लाँच जेथे ऑक्टोबरात लागते तेथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. उतारूंना चिखलातून चालत जाऊन होडी गाठावी लागते, आणि कधी कधी होडी तरंगण्याइतके पाणी व चालण्याइतकी कोरडी जमीन यांपैकी काहीच नसते. लग्नसराई, मुंबईकरांची सुटी, गावच्या जत्रा हे सारे नेमके या दिवसांत. उघड्या पडलेल्या गाळात लोक थोडेबहुत पीक घेतात, त्यास गाळपेर म्हणतात. स्वतःच्याच बुडालेल्या खाचरात काही महिने पेरणी करण्याची ती सवलत. पाणी केव्हा येईल हे पिकाने ठरवावयाचे नसते.

यात भर पडली ती वीजनिर्मितीच्या चौथ्या टप्प्याने. कोयनेची वीज जलाशयाच्या काठी तयार होत नाही. सह्याद्री पोखरून बोगद्याने पाणी पश्चिमेस नेतात आणि साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून ते खाली सोडतात. चिपळूण तालुक्यात पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. तेथून पाणी कोळकेवाडीस जाते आणि शेवटी वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते. चारही टप्पे व पायथ्याचे वीजगृह धरून एकूण क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी खालून बोगदा आणून शेवटचा खडक सुरुंगाने फोडण्यात आला. भारतात असा प्रयोग प्रथमच होत होता. २०१२ साली तो पुन्हा अधिक खालच्या पातळीवर करण्यात आला. अभियांत्रिकीचा तो एक थक्क करणारा पराक्रम आहे यात शंका नाही, आणि त्याचे कौतुक झाले ते योग्यच. त्यामुळे पूर्वी उपसता येत नव्हते असे खोलवरचे पाणीही उपसता येऊ लागले. साठा जितका अधिक खाली उतरवता येतो तितके उत्तर टोक अधिक काळ कोरडे राहू शकते, हे त्या कौतुकाच्या भाषणांत कोणी बोलल्याचे स्मरत नाही.

भूकंपाचा उल्लेख टाळता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनानगर परिसरास साडेसहाच्या जवळपास तीव्रतेचा धक्का बसला. एकशे ऐंशीच्या आसपास माणसे दगावली, हजारो घरे पडली, धरणास तडे गेले. धरण पुढे काँक्रीटचा आधार देऊन मजबूत करण्यात आले. १९६७ हे साल आपल्याकडे महाजन आयोगाच्या अहवालामुळे मनात घर करून आहे. कोयनाकाठी ते दगडमातीच्या भिंतींखाली सापडलेल्या माणसांचे साल आहे. जलाशयाच्या भाराने भूकंप होतात काय, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या भूशास्त्रज्ञांना कोयनेकडे ओढून आणीत आहे. कराडजवळ त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे, आणि गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोल विंधनविवर पूर्ण करण्यात आले. पाणी चढते-उतरते तेव्हा खडकाच्या भेगांतील दाब बदलतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, अशी त्याची सर्वसाधारण उपपत्ती सांगितली जाते.

धरणानंतर वीस वर्षांनी जंगल आले. अर्थात ते तेथे होतेच. १९८५ साली त्यास कोयना अभयारण्य ही संज्ञा मिळाली. २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत कोयना अभयारण्य, कास पठार, चांदोली आणि आपल्या निपाणीच्या शेजारचे राधानगरी ही नावे आहेत. या रानाचे रक्षण व्हावयास हवे, कृष्णेचे पाणी शेवटी त्या झाडांच्या मुळांशीच जमते. परंतु एकदा पाण्याने वर ढकललेल्या माणसास आता जंगलाने खाली ढकलावे असा प्रसंग आला. रस्ता रुंद करावयाचा तर वनखात्याची परवानगी, विजेचा खांब रोवावयाचा तर परवानगी. काही गावांनी कंटाळून आपणहून पुनर्वसन स्वीकारले. दुसरीकडे धनिकांची दृष्टी या काठाकडे वळली. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान योजनेत सातारा, जावळी व पाटण तालुक्यांतील २३५ गावे घेण्यात आली, आणि २०२४ साली कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावच्या शेकडो एकरांच्या खरेदीचे प्रकरण गाजून त्याची चौकशी सुरू झाली. स्थानिकाला घरावर पत्रा टाकण्यास शंभर खेटे आणि बाहेरच्याला डोंगर विकत मिळतो, अशी तक्रार तेथे ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही.

आता ज्या घटनेमुळे हा विषय एका शाळेच्या पुस्तिकेत यावा असे वाटले तिच्याकडे वळतो. जावळी तालुक्यात खिरखिंडी नावाची एक लहानशी वस्ती आहे. तेथील मुलींची माध्यमिक शाळा जलाशयापलीकडे, अंधारी गावी. या मुली रोज सकाळी स्वतः होडी वल्हवीत पलीकडच्या काठास जात आणि तेथून सुमारे चार किलोमीटर दाट रानातून चालत शाळेत पोहोचत; सायंकाळी तोच प्रवास उलट. रान म्हणजे अस्वले, बिबटे आणि पावसाळ्यात जळवा. हे वर्णन एका वर्तमानपत्रात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती प्रसन्न वराळे व न्यायमूर्ती अनिल किलोर यांच्या खंडपीठाने, त्याची आपणहून दखल घेतली. मुलींना शिकविण्याच्या घोषणा सार्थ व्हावयाच्या तर त्यांना शाळेपर्यंतची निर्धोक वाट दिली पाहिजे, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदविले आणि शासनाकडे खुलासा मागितला. त्याच वर्षी ३० जून रोजी श्री. एकनाथ शिंदे हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे मूळ गाव दरे तांब हे याच शिवसागराच्या काठी आहे. जुलैच्या सुनावणीत न्यायालयाने विचारणा केली की या भागात दोन हेलिपॅड आहेत, मग पूल वा रस्ता का नाही?

न्यायमूर्ती वराळे यांचा जन्म निपाणीचा, १९६२ सालचा. त्यांचे आजोबा बळवंतराव वराळे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी. धारवाडचे विद्यार्थी वसतिगृह त्यांनी सांभाळले. पुढे न्यायमूर्ती वराळे कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. निपाणीच्या मातीतल्या माणसाने शिवसागराकाठच्या मुलींची वाट विचारली, याचा उल्लेख येथील श्रोत्यांसमोर करताना आनंद वाटतो. कोणी त्यास योगायोग म्हणेल. पण ज्या घरात वसतिगृहाची जबाबदारी वाहिली गेली, त्या घरातल्या माणसास शाळेची वाट किती लांब असते हे निराळे शिकवावे लागत नाही.

या मुलींसाठी करता येण्यासारखे काय आहे, याचा विचार केला तर तीन मार्ग दिसतात. सरळ मार्ग पुलाचा. परंतु पातळी तीस मीटर चढते-उतरते अशा जलाशयावर पूल बांधणे हे ओढ्यावर मोरी घालण्यासारखे नाही. त्याचे खांब तळापासून उभे करावे लागतात, आणि काम उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत उरकावे लागते. दुसरा मार्ग वसतिगृहाचा. तो स्वस्त आहे, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीस घराबाहेर ठेवण्यास आईबाप सहज तयार होत नाहीत, आणि एकदा मुले बाहेर गेली की गाव म्हाताऱ्यांचेच उरते. तिसरा मार्ग यांत्रिक बोटीचा, ठरलेल्या वेळी, जीवरक्षक जाकिटांसह, आणि पलीकडच्या काठास गाडीचा. तो उद्यापासून करता येतो. त्यास एक बोट, एक नावाडी आणि डिझेलचा न चुकणारा पैसा लागतो. आपल्याकडील सार्वजनिक कामांत यांपैकी तिसरी वस्तूच नेहमी चुकते.

आता आपल्या काठाकडे येऊ. कृष्णा जलवाटपाचा बच्छावत लवादाचा निर्णय १९७३ साली आला व १९७६ साली अंतिम झाला. महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० टीएमसी अशी विभागणी झाली, आणि कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली गेली. ही मर्यादा आहे म्हणून शिवसागरातले उरलेले पाणी पूर्वेस, म्हणजे कराड, सांगली आणि राजापूर बंधाऱ्यावरून आपल्याकडे येते. वेदगंगा, दूधगंगा यांचे पाणी पाटगाव आणि काळम्मावाडी येथून येते, ती गोष्ट वेगळी. २०१९ व २०२१ साली यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढून वाहतूक थांबली तो वेदगंगेचा प्रताप होता. त्यासाठी कोयनेस दोष देण्यात अर्थ नाही. चिकोडी, अथणी, रायबाग तालुक्यांच्या कृष्णाकाठास मात्र कोयना दोन्ही अंगांनी भिडते. पावसाळ्यात पाणी नको असता ती देते. उन्हाळ्यात पात्र आटले की ते मागावे लागते. २०२३ चा उन्हाळा सरता सरता कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्रास पत्र लिहून वारणा–कोयनेतून कृष्णेत दोन टीएमसी पाणी सोडण्याची विनंती केली. वर केलेल्या हिशेबाने दोन टीएमसी म्हणजे सहा हजार क्युसेकनेही चार दिवसांत संपणारे पाणी. नेमक्या त्याच दिवसांत उत्तर टोकावर होडी गाळात रुतलेली असते. दोन राज्यांच्या पत्रव्यवहारात तिसरा पक्ष म्हणून तिचा उल्लेख येत नाही.

आपण तरी या बाबतीत फार वेगळे आहोत असे नाही. घटप्रभेवरील हिडकल धरण, म्हणजे राजा लखमगौडा जलाशय, कोयनेच्या जवळजवळ निम्म्या साठ्याचे, ५१ टीएमसींचे. त्याच्या पाण्यात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते दगडी मंदिर उघडे पडते आणि बेळगाव–हुक्केरीकडची मंडळी गाड्या घेऊन ते पाहावयास जातात, छायाचित्रे काढतात. मंदिराभोवती कोणाची घरे होती, ती माणसे कोठे गेली, याची चौकशी तेथे उभे राहून किती जण करतात? हुक्केरी परिसरातून आलेले आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी याचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजही मिळवू शकतील.

कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न साठ वर्षे उलटूनही पूर्णतः मिटलेला नाही. पर्यायी जमीन, खातेफोड, वारसनोंदी यांसाठी २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगर येथे दीर्घकाळ ठिय्या आंदोलन झाले. ज्यांनी जमीन दिली त्यांची नातवंडे तेथे बसली होती, आणि कित्येकांजवळ पुरावा म्हणून आजोबांच्या नावाचा जुना सातबारा एवढेच होते. तापोळा व अहीर या दोन काठांना जोडणाऱ्या पुलाचे काम आता हाती घेण्यात आले आहे. त्यामुळे कांदाटी खोऱ्यातला माणूस बाराही महिने, पातळी कितीही असो, तालुक्यास जाऊ शकेल. खिरखिंडी मात्र त्या पुलापासून बरीच दक्षिणेस आहे.